जुना ट्रक चालता-चालता बंद पडतो, पाणी उकळतं? मोबाईलच्या मदतीने दोष कसा शोधायचा



एरवी आपण मोबाईल, ॲप, इंटरनेट यांबद्दल बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे, पण मोबाईल त्यातही आहेच. आज आपण बघणार आहोत की जुन्या डिझेल ट्रकचं इंजिन चालता-चालता का बंद पडतं, रेडिएटरचं पाणी का उकळतं, आणि मिस्त्रीच्या हातात पैसे देण्याआधी दोष नेमका कुठं आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं.

हा लेख लिहायचं कारण माझे मामा. त्यांच्याकडे सहा सिलिंडरचा, मेकॅनिकल पंपाचा जुना ट्रक आहे. लोहा-कंधार भागातलं सोयाबीन आणि तूर भरायची आणि माळेगाव, अहमदपूर, चाकूर करत लातूरच्या बाजारात उतरवायची, हा त्यांचा धंदा. मागच्या हंगामात गाडीनं दोन खोड्या सुरू केल्या. चढावर काटा वर जायचा आणि मधूनच इंजिन बंद पडायचं. मामा फोनवर एवढंच म्हणायचे, "आरं, गाडी गरम होऊन बंद पडायली."

मिस्त्रीनंही तेच धरलं. गरम होते म्हणून बंद पडते, पंप आणि नोझल खोलावे लागतील, कदाचित हेडही. खर्च साठ-सत्तर हजार. मामांनी पतपेढीत कर्जाचा अर्ज भरून ठेवला होता. शेवटी दोष सापडला तेव्हा कळलं की पंपाला काहीच झालं नव्हतं. ते कसं कळलं, तेच आज क्रमानं सांगतो.

आधी हे समजून घ्या: इथं ओबीडी ॲप चालत नाही

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी व्हिडिओत बघितलं असेल. एक छोटा ब्लूटूथ डोंगल गाडीला लावायचा, मोबाईलवर ॲप उघडायचं आणि दोषाचा कोड समोर येतो. मीही सगळ्यात आधी तोच डोंगल मागवणार होतो. बरं झालं नाही मागवला.

हा डोंगल गाडीच्या ईसीयूशी, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरशी बोलतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ नियमाच्या ट्रकमध्ये हा कॉम्प्युटर आणि भरपूर सेन्सर असतात. पण जुन्या मेकॅनिकल पंपाच्या ट्रकमध्ये इंजिनाला कॉम्प्युटरच नाही. डिझेल किती आणि कधी सोडायचं हे पंपातले प्लंजर, कॅमशाफ्ट आणि गव्हर्नर ठरवतात. जुने ड्रायव्हर या पंपाला 'मायको पंप' म्हणतात. मायको ही १९५१ साली सुरू झालेली कंपनी, २००८ पासून तिचं नाव बॉश लिमिटेड आहे.

म्हणजे अशा गाडीत कोड वाचायला कोणी नाही. गाडी जे सांगते ते आवाज, धूर, काटा आणि वास यातूनच सांगते. आपला मोबाईल ते नोंदवून ठेवू शकतो, आणि तेवढं पुरेसं आहे.

बंद पडणं आणि गरम होणं हे दोन वेगळे आजार असू शकतात

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. दोन खोड्या एकाच वेळी दिसल्या की आपण एकीला दुसरीचं कारण मानतो. माणसाला ताप आहे आणि पायही दुखतोय, म्हणून तापामुळेच पाय दुखतो असं नसतं. कदाचित काटा रुतलेला असतो.

डिझेल इंजिनाला चालायला तीन गोष्टी लागतात: हवा, वेळेवर आलेलं डिझेल आणि दाब. पेट्रोल इंजिनासारखा स्पार्क प्लग इथं नसतो. त्यामुळे चालतं डिझेल इंजिन मधेच बंद पडलं तर पहिला संशय डिझेल पोचण्यावर घ्यायचा. गरम होऊन इंजिन बंद पडतं ते फार पुढच्या टप्प्यावर, पिस्टन फुगून लायनरमध्ये आवळला गेला की. तसं झालं तर सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतच नाही किंवा फार जड फिरतं. बंद पडलेली गाडी पाच मिनिटांत सहज चालू होत असेल, तर तो बहुतेक वेळा उष्णतेचा खेळ नाही.

म्हणून प्रश्न एकच विचारायचा: आधी काय झालं? काटा आधी वर गेला, की इंजिन आधी अडखळलं?

मोबाईलमध्ये नोंदवही ठेवा

मी मामांच्या क्लीनरला मोबाईलच्या नोट्स ॲपमध्ये एक साधा नमुना करून दिला. गाडी बंद पडली की बाजूला घेऊन एवढंच लिहायचं:

१) वेळ आणि ठिकाण
२) टाकीत डिझेल किती: पूर्ण, अर्धी, पाव, त्याहून कमी
३) पाण्याचा काटा कुठं होता
४) चढ, सपाट की गाडी जागेवर उभी
५) गाडी भरलेली की रिकामी
६) इंजिन एकदम बंद पडलं की गचके देत
७) धूर होता का, कोणत्या रंगाचा
८) परत चालू कसं झालं, किती वेळानं

लिहायचा कंटाळा आला तर आवाज रेकॉर्ड करा. काट्याचा आणि सायलेन्सरच्या धुराचा दहा सेकंदांचा व्हिडिओ घेतला तर अजून चांगलं, कारण व्हिडिओवर वेळ आपोआप पडते. मात्र हे काम ड्रायव्हरनं चालत्या गाडीत करायचं नाही. शेजारी बसलेल्यानं करायचं.

आठ दिवसांत सहा नोंदी जमल्या. रात्री जेवण झाल्यावर मी आणि मामा त्या वाचत बसलो. सहापैकी दोनदाच काटा लाल पट्ट्याजवळ होता. चार वेळा तो मधोमध, अगदी शांत. पण एक गोष्ट सहाही नोंदींत सारखी होती: टाकीत डिझेल पावपेक्षा कमी.

मामा दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरोबर हाय. भाडं हातात आलं की थोडं-थोडं टाकतो मी. टाकी भरून कुठं चालतो आपण?"

त्याच आठवड्यात एकदा टाकी पूर्ण भरलेली होती. त्या दिवशी माल तेवढाच, रस्ता तोच. काटा वर गेला, पण गाडी एकदाही बंद पडली नाही. दोन आजार वेगळे आहेत हे तिथंच कळलं.

इंजिन कसं बंद पडलं यावरून काय कळतं?

एकदम, चावी काढल्यासारखं बंद: स्टॉपर तपासा. काही गाड्यांत हाताची स्टॉपर केबल असते, काहींत विजेवर चालणारा सोलेनॉइड. केबल अडकून अर्धी ओढलेली राहते किंवा सोलेनॉइडची वायर ढिली होऊन करंट तुटतो.

गचके देत, दम तोडत बंद: डिझेल कमी पडतंय किंवा लाइननं एअर धरली आहे. अशा वेळी धूर सहसा कमी होतो, कारण जळायला डिझेलच पुरत नाही.

काळा धूर आणि ओढ कमी: हवा कमी पडतेय. एअर फिल्टर काढून बघा. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत भुसा बसून तो लवकर चोंदतो.

जड होत होत बंद आणि सेल्फला फिरत नाही: इथं थांबा. सेल्फ मारत राहू नका. इंजिन आवळलं असेल तर प्रत्येक सेल्फ नुकसान वाढवतो.

गरम असताना चालूच होत नाही, थंड झाल्यावर होतं: पंपाचे प्लंजर झिजलेले असू शकतात. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून परत निसटतं. हा खरा पंपाचा आजार आहे. पण इथपर्यंत यायच्या आधी खालच्या तपासण्या करा.

डिझेलच्या वाटेची तपासणी, टाकीपासून पंपापर्यंत

डिझेलची वाट साधी आहे. टाकी, टाकीतली उभी नळी, पाइप, फीड पंप, फिल्टर, इंजेक्शन पंप आणि शेवटी नोझल. स्वस्त आणि सोप्या टोकापासून सुरुवात करायची.

१) टाकीचं झाकण. गाडी बंद पडल्याबरोबर झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत ओढली गेली तर टाकीचं हवेचं छिद्र बुजलं आहे. आत पोकळी तयार होते आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही. झाकणाचं छिद्र साफ केलं की काम झालं.

२) फिल्टरचं तळाचं पाणी. फिल्टरच्या खालचा स्क्रू ढिला करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि अर्धा तास ठेवा. पाणी डिझेलपेक्षा जड असतं, ते खाली बसतं आणि स्पष्ट रेघ दिसते. काळा गाळ दिसला तर टाकी धुवावी लागेल.

३) लाइनमध्ये हवा. ही गंमत नीट समजून घ्या. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या भागात डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. त्यामुळे तिथं तडा असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. खाली डाग नाही म्हणून 'लाइन ठीक आहे' म्हणायचं नाही. फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक, डिझेल सहन करणारी नळी लावा आणि इंजिन चालू ठेवून मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या. डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे व्हिडिओत सहज दिसतात. आमच्या गाडीत टाकी पावपेक्षा खाली गेली की बुडबुड्यांची माळच दिसत होती.

४) कॅनची चाचणी. टाकीचा पाइप काढून फीड पंपाला स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून नळी द्या. परतीचा पाइपही कॅनमध्ये सोडा. गाडी उभी करून अर्धा तास चालवा. कॅनवर इंजिन छान चाललं आणि टाकीवर अडखळलं, तर दोष टाकी आणि पंपाच्या मधेच आहे. पंप निर्दोष. कॅनवरही तेच झालं, तर फीड पंप, फिल्टर आणि पुढे इंजेक्शन पंप बघायचा.

५) एअर काढणं. पाइप उघडला की हवा शिरतेच. फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करा, हँड पंप मारत राहा, फेस जाऊन सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा. मग इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूवर तेच करा. जोडांवरचे जुने तांब्याचे वॉशर परत वापरू नका. दहा-वीस रुपयांच्या वॉशरपायी पुन्हा एअर धरते.

एक धोका लक्षात ठेवा. पंपापासून नोझलपर्यंतच्या लोखंडी नळ्यांत प्रचंड दाब असतो. इंजिन चालू असताना तिथली गळती बोटानं तपासू नका, डिझेलची बारीक धार कातडी फाडून आत जाते. तपासायचंच असेल तर पुठ्ठा धरा. तसं झालं तर जखम लहान दिसली तरी लगेच दवाखान्यात जा. आणि हे सगळं करताना जवळ बिडी-सिगारेट नको.

आमचा दोष काय निघाला? कॅनवर गाडी पाऊण तास न अडखळता चालली. मग टाकीतली उभी नळी बाहेर काढली. वरून साधारण तीन भाग सोडून तिला गंजानं बारीक छिद्र पडलं होतं. टाकी भरलेली असली की छिद्र डिझेलखाली बुडायचं, काही कळायचं नाही. डिझेल छिद्राच्या खाली गेलं की नळी हवा ओढायची. चढावर डिझेल टाकीच्या मागच्या बाजूला सरकायचं, म्हणून तिथं जास्त त्रास. नळी बदलून, वॉशर नवीन टाकून खर्च आला दोन हजारांच्या आत.

आता दुसरा आजार: पाणी का उकळतं?

इंजिन पाण्यातून उष्णता बाहेर टाकतं. वॉटर पंप पाणी फिरवतो, थर्मोस्टॅट ते कधी रेडिएटरकडे सोडायचं हे ठरवतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाताना पंख्याच्या वाऱ्यानं ते गार होतं. बहुतेक अशा इंजिनांत पाणी साधारण ८० ते ९५ अंशांत राहिलं पाहिजे.

रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टी समजा. आत दाब राहिला की पाणी १०० अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. अर्धा बार दाबाचं झाकण असेल तर साध्या पाण्याचा उकळबिंदू साधारण १११ अंशांवर जातो. झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग ढिली पडली की हा फायदा गेला, आणि ठीक असलेलं इंजिनही पाणी फेकायला लागतं. म्हणून सगळ्यात आधी स्वस्तातलं झाकण तपासा. नवीन घेताना जुन्यावर लिहिलेला दाब बघूनच घ्या.

आता आपल्या रस्त्याचं बघा. नांदेड समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीनशे मीटरवर आहे, लातूर सहाशे मीटरच्या वर. म्हणजे नांदेडहून लातूरला जाताना गाडी एकूण चढतच असते, आणि तीही भरलेली. लातूरच्या उंचीवर उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. "जाताना गरम होते, येताना होत नाही" या मामांच्या तक्रारीचं अर्धं उत्तर यातच होतं. उरलेलं अर्धं रेडिएटरमध्ये होतं.

गरम कधी होते? त्यावरून दोष ओळखा

गाडी उभी असताना किंवा गर्दीत गरम होते, पळायला लागली की गार होते: वारा कमी पडतोय. पंख्याचा पट्टा ढिला, पंख्याभोवतीचं आवरण तुटलेलं किंवा पंख्याची पाती मोडलेली. पट्टा दोन पुलींच्या मधे अंगठ्यानं दाबा. साधारण एक ते दीड सेंटीमीटर दबला तर ठीक.

भरलेल्या गाडीत, चढावरच गरम होते: रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोंदलाय, थर्मोस्टॅट अर्धाच उघडतोय, किंवा खालचा होज पाइप ओढीनं आत चिकटतोय.

चालू केल्यावर थोड्याच वेळात गरम: थर्मोस्टॅट बंदच राहतोय, पाणी कमी आहे, वॉटर पंप फिरवत नाही किंवा हेड गॅसकिट गेलंय.

रोज पाणी कमी होतं पण खाली डाग नाही: पाणी इंजिनात जळतंय. पांढरा धूर आणि डिपस्टिकवर दुधासारखं ऑइल दिसतं का बघा. दिसलं तर गाडी चालवू नका.

काटा वर गेला आणि अचानक खाली पडला: खूश होऊ नका! पाणी इतकं कमी झालं असेल की सेन्सर कोरडा पडला. सेन्सर पाण्यात नसेल तर तो खरं तापमान दाखवत नाही. इथंच बरीच इंजिनं जातात, कारण ड्रायव्हरला वाटतं गाडी गार झाली.

थंड इंजिनावर करायच्या चार तपासण्या

१) सकाळी, गाडी पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण काढा, पाणी भरा, इंजिन चालू करा. लगेच सलग बुडबुडे यायला लागले तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय, म्हणजे हेड गॅसकिट किंवा हेडचा संशय. भरताना अडकलेली हवा थोडा वेळ बुडबुडे देते, ती नंतर थांबते. फरक कळण्यासाठी तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ घ्या आणि मिस्त्रीला दाखवा.

२) इंजिन गरम होत असताना वरचा आणि खालचा होज बघा. वरचा चटका देतोय आणि खालचा बराच वेळ थंडच, तर पाणी फिरत नाही. हात फिरत्या पंख्यापासून लांब ठेवा.

३) थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाण्यात सोडा, सोबत थर्मामीटर टाका आणि गॅसवर ठेवा. त्यावर छापलेल्या अंशाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. नाही उघडला तर बदला.

४) रेडिएटरच्या मागे मोबाईलची टॉर्च धरा आणि समोरून बघा. उजेड आरपार यायला पाहिजे. आमच्या जाळीत भुसा आणि किडे इतके होते की खालच्या निम्म्या भागातून उजेडच दिसेना. जाळी इंजिनाच्या बाजूकडून पुढे अशी, हलक्या दाबाच्या पाण्यानं धुवायची. जोराचा प्रेशर मारला तर पत्र्याच्या पाकळ्या वाकतात.

मोबाईलनं तापमान मोजता येईल का? नाही. प्ले स्टोअरवर 'कॅमेऱ्यानं तापमान मोजा' म्हणणारी ॲप दिसतात. साध्या मोबाईल कॅमेऱ्याला गरम लोखंडातून येणारे उष्णतेचे किरण दिसतच नाहीत, त्यासाठी वेगळा थर्मल सेन्सर लागतो. गरज वाटली तर इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक घ्या. रेडिएटरवर जागोजागी मोजा, मधेच एखादा भाग बराच थंड लागला तर तिथल्या नळ्या बुजल्यात. चकचकीत धातूवर ही बंदूक चुकीचा आकडा देते, म्हणून काळी चिकटपट्टी लावून त्यावर मोजा.

मराठवाड्याचं पाणी आणि रेडिएटर

जाळी धुऊनही आमचा काटा थोडाच खाली आला. मग रेडिएटर खोलून घेतला. आत नळ्यांच्या तोंडाशी पांढरट खडूसारखा थर. माठाच्या तळाशी किंवा हीटरच्या कॉइलवर जो क्षार बसतो, अगदी तोच.

आपल्याकडे बोअरचं पाणी जड आहे. त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम तापल्यावर थर धरतो. हा थर उष्णता धातूपेक्षा फार कमी सोडतो, आणि वर नळीही अरुंद करतो. २०१६ चा उन्हाळा आठवा, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ ला पोचली, दहा टाक्या, पाच लाख लिटर. जिथं प्यायला पाणी नव्हतं तिथं रेडिएटरला कुठलं चांगलं मिळणार? मामा म्हणाले, "त्या दोन-तीन वर्षात जे मिळंल ते वतलंय मी. बोअरचं, टँकरचं, कॅनॉलचं." थर एका दिवसात बसत नाही.

उपाय: डिस्टिल्ड पाणी किंवा निदान आरओचं पाणी, आणि त्यात चांगला कूलंट. कूलंट थंडीसाठी असतो, आपल्याला काय गरज, असं बरेच जण म्हणतात. पण कूलंट गंज रोखतो, थर धरू देत नाही आणि उकळबिंदू वाढवतो. निम्मा कूलंट, निम्मं पाणी हे नेहमीचं प्रमाण. दोन वेगळ्या जातीचे कूलंट एकत्र करू नका. जुना कूलंट गटारात किंवा शेतात ओतू नका, गोड चवीमुळे जनावरं पितात आणि ते विषारी असतं.

रेडिएटर आतून साफ करून, होज आणि झाकण बदलून आमचा खर्च पाच हजारांच्या आत झाला. काटा आता अहमदपूरच्या पुढेही मधोमध राहतो.

रस्त्यात काटा लाल झाला तर काय करायचं?

१) गिअर उतरवा, वेग कमी करा, जागा बघून गाडी बाजूला घ्या. पार्किंग दिवे लावा, मागे त्रिकोण ठेवा.
२) पाणी सांडत नसेल आणि पट्टा शाबूत असेल तर इंजिन एक-दोन मिनिटं आयडलवर चालू द्या. वाफ किंवा पाणी येत असेल तर लगेच बंद करा.
३) झाकण उघडू नका. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. दाबाखालचं पाणी एकदम वाफ होऊन तोंडावर येतं.
४) गरम इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. इंजिन कोमट झाल्यावर, ते चालू ठेवून थोडं-थोडं पाणी घाला.
५) मदत लागली तर राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ आणि इतर आणीबाणीसाठी ११२. नांदेड-लातूर रस्ता राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे. घरी लाइव्ह लोकेशन पाठवून ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

थर्मोस्टॅट काढूनच टाकला तर?
बरेच जण काढतात, पण करू नका. इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त लागतं, झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की पाणी रेडिएटरला वळसा घालून बायपासनंच फिरतं आणि गाडी उलट गरम होते.

ट्रकमध्ये मोबाईल चार्ज करता येतो का?
मोठ्या ट्रकची वायरिंग बहुतेक २४ व्होल्टची असते, कारची १२. चार्जरवर '१२-२४ व्होल्ट' लिहिलेलं असेल तरच लावा. नाहीतर चार्जर जळतो, कधी मोबाईलही.

मग मिस्त्रीची गरजच नाही का?
आहे, नक्की आहे. हेड, पंप, नोझल ही कामं त्यांचीच. पण "गाडी गरम होऊन बंद पडते" असं सांगणं आणि "टाकी पावच्या खाली गेली की बंद पडते, कॅनवर ठीक चालते" असं सांगणं, यात साठ हजारांचा फरक पडू शकतो. आम्ही त्याच मिस्त्रीला नोंदी आणि व्हिडिओ दाखवले. त्यांनी एकदा बघितलं आणि स्वतःच म्हणाले, पंप खोलायची गरज नाही.

पतपेढीतला अर्ज मामांनी परत घेतला. क्लीनरच्या मोबाईलमधली नोंदवही मात्र चालूच आहे. आता त्यात ऑइल कधी बदललं, कूलंट कधी टाकला हेही असतं.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी ट्रक, टेम्पो किंवा ट्रॅक्टर चालवत असेल तर हा लेख त्यांना वाचून दाखवा, आणि तो नोंदीचा नमुना आजच त्यांच्या मोबाईलमध्ये करून द्या. पाच मिनिटांचं काम आहे.